मागची सीट नसलेली गाडी

लगीनसराई आली की माझं डोकं फिरतं. यंदाही फिरलंय. चैत्र संपत आलाय, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलंय, कॉलनीतल्या कडुनिंबाचा मोहोर वाऱ्याबरोबर थेट स्वयंपाकघरात येऊन पडतोय, आणि टीव्हीच्या स्टुलावर पाच पत्रिका साठल्यात. प्रत्येकीच्या कोपऱ्याला हळदीचं बोट आणि प्रत्येकीमागोमाग एक फोन. आजचा फोन दाजींचा होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. "नंदा, पत्रिका पोचली न्हवं? मग कोण कुटं बसनार ते आत्ताच ठरवून टाकू. ऐनवेळी कालवा नको." मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, हे सगळं नंतर. आमच्या घराण्यात लग्न ठरलं की पहिली बैठक गाडीत कोण कुठं बसणार याची होते.

"माझ्या गाडीत मी बसणार," म्हटलं आणि फोन ठेवला. मग उगाच खिडकीशी गेले. खाली पार्किंगमध्ये आईच्या जुन्या चादरीखाली माझी गाडी उभी आहे. लाल, बुटकी, दोन दारांची, टप काढता येणारी. आत दोनच सीटा. कधीकाळी गोव्यात अशा गाड्या थोड्याशा बनल्या आणि मग बनायच्या बंद झाल्या. बॉडी फायबरची, टकटक केलं तर बादलीसारखी वाजते. माझ्याकडे येईपर्यंत तिचे तीन मालक होऊन गेले होते. सोलापुरात हिला बघून लोक आधी हसतात, मग वाकून आत डोकावतात आणि मग हमखास विचारतात, "मागं काय हाय?" मागं काहीही नाही. म्हणूनच तर घेतली.

लहानपणी आमच्याकडे गाडी नव्हती. लग्नाला जायचं म्हणजे भाड्याची जीप. पुढं ड्रायव्हरशेजारी जावई बसायचा. आमच्या घरात तेव्हा जावई नव्हता, तर आत्याचे यजमान बसायचे. ते नसले तर शेजारच्यांचा जावई, पण जावईच. मधल्या सीटवर बाप्ये, वयाच्या मानानं. आणि मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर बायका, पोरं, आहेराच्या पिशव्या, लाडवाचे डबे. सगळ्यात शेवटी, दाराला लागून आई. ते दार धड लागायचं नाही, कुणीतरी धरून बसावं लागायचं. आई धरायची. मांडीवर डबा, एका हातात दाराची कडी, दुसऱ्या हातानं तोंडावर दाबलेला पदर.

तो वास अजून माझ्या नाकात आहे. डिझेल, तापलेलं रेक्झिन, कोमेजलेला मोगरा, डब्यातल्या लाडवांचं तूप. मोहोळ यायच्या आत पहिली बाई पांढरी पडायची. मग लिंबू फिरायचं, आल्याचा तुकडा फिरायचा, पिशव्या फिरायच्या. एकीनं सुरुवात केली की दुसरीला आवरायचं नाही. पुढून आवाज यायचा, "झालं का सुरू?" आणि हसणं. त्यांच्या खिडक्या उघड्या, त्यांना गार वारा, त्यांच्या तोंडात पान. त्या पानाची पिचकारी वाऱ्यानं मागं आमच्याच अंगावर यायची. बायकांना गाडी लागतेच, असं आमच्याकडे सगळे धरूनच चालायचे. आजीला लागायची, आईला लागायची, ताईला आणि मलाही लागायची. माझ्या पोटात जन्मापासून काहीतरी बिघडलंय असं मी वयाच्या चाळिशीपर्यंत मानत होते. शाळेच्या सहलीला गेले नाही. पुण्याला नोकरीची मुलाखत होती, ती सोडली. गाडी लागते ना! काय काय सोडलं त्या एका वाक्यापायी, आठवलं की अजून कानशिलं तापतात.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी नववीत होते. आमच्या घरात हक्काचा जावई आला आणि पुढची सीट दाजींची झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या बाजूनं पुढं बसायला कुणी आलंच नाही, आणि चाळिशी उलटली तरी जीपच्या मोजणीत मी पोरांतच धरली जायचे. पुढं बाबा गेले. मधल्या सीटवरची त्यांची जागा मोकळी झाली, पण आई काही पुढं सरकली नाही. दाजींचं खताचं दुकान चांगलं चाललं, त्यांनी स्वतःची मोठी गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला. त्या गाडीलाही मागं समोरासमोर बाकडी होती आणि टोकाला आई होतीच. आता दार चांगलं लागत होतं. तरी सवयीनं ती कडी धरून बसायची.

दाजी माणूस वाईट नाहीत, हीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर कधीच दोन शब्दांत निकाल लावला असता. बाबांच्या आजारपणात त्यांनी दवाखान्याच्या किती खेपा घातल्या, ते मी विसरलेले नाही. हाकेला धावणारा, हौशी, चार लोकांत उठबस असलेला माणूस. फक्त पुढची सीट आपली आहे याबद्दल त्यांना आयुष्यात एकदाही शंका आली नाही. आणि त्यांना ती यावी असं कुणाला वाटलंही नाही.

करकंब हे आईचं माहेर. मामाच्या मुलाच्या लग्नाला निघालो होतो. मोडनिंबला आत वळलो आणि आईला आवरेना. नेमकी पिशवी फाटकी निघाली. आहेराच्या साडीवर गेलं, मागं ठेवलेल्या दाजींच्या चामड्याच्या बॅगेवर गेलं. गाडी थांबली. आई कडेला उकिडवी बसून चूळ भरत होती, मी तिची पाठ चोळत होते, आणि दाजी रुमालानं बॅग पुसता पुसता म्हणाले, "मामींना आता गाडीत घालत जाऊ नका. सोसत न्हाय त्यास्नी." सासूला ते मामीच म्हणतात. चिडून नाही, काळजीनंच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोंड पुसत आईनंही डोलावली. त्या दिवसानंतर ती गाडीत बसली नाही.

अकरा वर्षं! करकंब म्हणजे काय लंका आहे का? सकाळी सोलापुरातून निघालं तर माणूस न्याहारीला तिथं असतो. मामा वारला तेव्हाही आई गेली नाही. घरात भिंतीला टेकून दिवसभर बसली. एसटीतसुद्धा चढेना. तिची धाकटी बहीण, सुमनमावशी, करकंबातच दिलेली. ती फोनवर म्हणायची, "आक्का, ये की गं एकदा." आणि आई म्हणायची, "मला सोसत न्हाय गं." शब्दाला शब्द दाजींचं वाक्य. माझ्या हातात भांडं असलं तर ते मी आदळायचे.

मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. एकेचाळिसाव्या वर्षी आमचं ऑफिस शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं, म्हणून झक मारत गाडी शिकायला लागले. पहिल्या दिवशी पर्समध्ये तीन पिशव्या आणि एक लिंबू घेऊन गेले. होटगी रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवली, शेजारी शिकवणारे काका. शेवटी न राहवून विचारलं, "काका, मला अजून लागली कशी नाही?" ते मोठ्यानं हसले. "मॅडम, चालवणाऱ्याला कधी गाडी लागती व्हय? शेजारच्यालाबी सहसा न्हाय लागत. म्होरचं दिसत असलं की पोट गप असतंय." मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आनंदानं नाही हो, संतापानं. आजी, आई, ताई, मी, आमची सगळ्यांची पोटं ठणठणीत होती. जागा तेवढी खराब होती. काका बिचारे पाण्याची बाटली पुढं करत राहिले.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गाडी घ्यायची ठरवली तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, साधी पाच सीटची घे. मी विचार केला. पाच सीटची घेतली तर पहिल्याच लग्नाला दाजी पुढं आणि आई मागं. दाजींना थोपवलं तरी आई आपण होऊन मागं जाणार, कडी धरणार आणि तोंडाला पदर लावणार. जोवर गाडीला मागची सीट आहे तोवर ही बाई पुढं बसणार नाही, एवढं मी तिला ओळखून होते. मग मागची सीटच नको.

जुळे सोलापुरात एका गृहस्थाकडे ही लाल गाडी पडून होती. मुलाची हौस, मुलगा परदेशात. फोन केला तर म्हणाले, "मिस्टरांना पाठवून द्या." मी गेले तर ते माझ्या खांद्यावरून मागं बघत उभे, मिस्टर चपला काढून येतायत की काय! "मॅडम, ही फॅमिली गाडी नाही बरं का." मी म्हटलं, "फॅमिलीला कंटाळूनच आलेय." बाजूच्या सीटवर मांजरीनं पिल्लं घातली होती. ती मोठी होईपर्यंत गाडी हलवायची नाही, अशी त्यांच्या मंडळींची अट होती. या एका बाबतीत मात्र मी तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी मांजरी पिल्लं घेऊन गच्चीवर गेली आणि विजापूर वेशीतल्या रफिकभाई मेकॅनिकना मी गाडी दाखवायला नेलं. त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, इंजिनाला कान लावला, आतल्या सीटा दाबून बघितल्या. "आपा, इंजन अच्छा है. लेकिन दोईच सीटां हैं. घर के लोगां किधर बैठते?"

"नै बैठते," मी म्हटलं. रफिकभाई हसले आणि हात पुसायला फडकं शोधायला लागले.

अक्षय तृतीयेला गाडी दारात आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ताई-दाजी आमरस-पुरणपोळीला आलेले. दाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायानं ढोसलं, वाकून बघितलं.

"मागं काय हाय?"

"काही नाही."

"मग मानसं कुटं बसायची?"

"एक माणूस बसायचं."

"एकच?" असं म्हणत त्यांनी दार उघडलं आणि बसले. इतक्या सहज, जसं कुणी आपल्या घरच्या पाटावर बसावं. आमच्याकडे नव्या गाडीची पहिली चक्कर जावयाची असते. आई हातात ताट घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडावर केवढं समाधान! "नंदे, मार की चक्कर. देवळापतुर नेऊन आन दाजींना." माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं.

"दाजी, उतरा."

"आँ?"

"उतरा. ती सीट आईची आहे."

ताईनं माझा दंड धरला, "नंदा, अगं काय बोलतीस!" समोरच्या बाल्कन्यांतून कॉलनी बघत होती. दाजींना आधी गंमत वाटली. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू विरलं. ते उतरले, उतरताना टपाच्या दांडीला त्यांचं डोकं आपटलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुरणपोळीला हात न लावता ते गेले. ताई डोळे पुसत त्यांच्यामागं गेली.

आईनं ताट ओट्यावर आदळलं. "जावयाला उटवलंस? सनाच्या दिशी? भरल्या घरातनं उपाशी लावलंस?"

"तुझ्यासाठी घेतलीय गाडी."

"मी मागितली हुती? ... जावयाला उटवलेल्या जाग्यावर मी न्हाय बसायची. मेले तरी न्हाय!"

पुढचे तीन दिवस आम्ही दोघी त्या पुरणपोळ्या खात होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो.

तो वैशाख मला जन्मात विसरता यायचा नाही. कुलरच्या टाकीत पाणी घालायलाही नळाची वाट बघायची. गच्चीवर आईच्या कुरडया आणि सांडगे तासाभरात वाळून खडखडायचे. मी सकाळी बसनं ऑफिसला जायचे, कारण त्या गाडीत एकटीनं बसायची मला चीड यायची, आणि संध्याकाळी यायचे तेव्हा चादरीखाली तिचं लाल तोंड तसंच. घरात आमचं बोलणं भांड्यांच्या आवाजातून चालायचं. आईच्या भाकरी एरवीही कडकच, पण त्या दिवसांतल्या भाकरी फोडायला बत्ता लागला असता. मला खरा राग तिचाच होता, दाजींपेक्षाही. ज्याला सीट मिळते तो बसणार, त्यात नवल काय? पण जिला ती कधी मिळालीच नाही, तिनंच तिची राखण करावी? जीप गेली, ते मोडकं दार गेलं, आणि ही बाई अजून कडी धरून बसलेली. असं मनात यायचं आणि मी शेंगाच्या चटणीबरोबर भाकरीचे तुकडे कडाकडा चावायचे.

त्यातच मावशीचा फोन आला. नातीचं लग्न ठरलं होतं. फोन स्पीकरवर होता, कारण आईला कमी ऐकू येतं. "आक्का, माजी शेवटची नात हाय. ह्याच्या म्होरं माज्या घरात कुनाचं लगीन न्हाय. माजं कंबरडं गेलंय, मी काय तिकडं येऊ शकत न्हाय. तू न्हाय आलीस तर आपली गाट हितं न्हाय, वर." आई म्हणाली, "बगू." मग गच्चीवर वाळवणात जाऊन बसली आणि आधीच निवडलेले सांडगे पुन्हा निवडत राहिली.

पंधरवड्यानं गाडीवरची धूळ झटकायला गेले तर चादर वेगळीच अंथरलेली. कडा आत दुमडून, आई गादीवर घालते तशी. बाजूच्या सीटच्या पायाशी शेंगांची फोलपटं. वॉचमनना विचारलं तर ते म्हणाले, "आजी रोज दुपारी येऊन बसत्यात की. तुमाला ठाव न्हाय व्हय? दार लावून घेत्यात. तासभर तरी बसत्यात." किल्ली आमच्या दारामागं खिळ्यालाच असते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून भर दुपारी घरी आले. पार्किंगमध्ये पत्र्याखाली भट्टी पेटलेली. आई बाजूच्या सीटवर ताठ बसली होती, डोळे मिटलेले, एका हातात लिंबू, मांडीवर पिशवी. "आई," म्हटलं तशी केवढी दचकली!

"काय करतेस?"

"बसून बगत हुते. लागती का ते."

"अगं, उभी आहे गाडी!"

"ते कळतंय मला. पर जीपमदी उभ्या गाडीतच ढवळायचं माज्या पोटात, सुरू व्हायच्या आदीच. हितं पंदरा दिस झालं, न्हाय ढवळत." तिनं लिंबू या हातातून त्या हातात घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "हालल्याबिगर म्होरचं कसं कळंल?"

"आणि जावयाला उठवलेल्या जागेचं काय?"

"तू दाजींना सांगू नगंस म्हंजी झालं."

मला हसू यायला लागलं. एवढी भांडले मी हिच्याशी, आणि ही बाई रोज दुपारी उन्हात एकटी बसून सराव करत होती. मी पलीकडून आत बसले आणि गाडी सुरू केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी रफिकभाई बॅटरी बघायला आले होते. बुटक्या गाडीत गुडघे दुखणाऱ्या बाईनं शिरायचं कसं, ते त्यांनीच शिकवलं. "अम्मा, पयले बैठ जाव, बाद में पावां अंदर लेव." सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. टप काढलेला. आईनं पदर कानांमागून घट्ट बांधला आणि साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी दोन्ही हातांनी तोंड उघडून धरली. हायवेला लागलो तरी तिनं पिशवी खाली घेतली नाही. मी तिरक्या डोळ्यांनी पिशवीकडं बघतेय, आता होतंय, मग होतंय. मोहोळ गेलं.

"नंदे, ह्यो रस्ता असा समोरनं येतो व्हय?"

"म्हणजे?"

"मी आजपतुर ह्येला जातानाच बगितला. मागनं. झाड दिसायचं ते गेलेलंच दिसायचं."

मला गाडी चालवताना समोरचं नीट दिसेना. लग्न होऊन आल्यापासून जेव्हा जेव्हा ही बाई माहेराला निघाली तेव्हा माहेराकडं पाठ करून गेली. तिला आपलं गाव येताना कधी दिसलंच नाही. आता ती एकेक ओळखत होती, ही चिंच पुढनं अशी दिसती व्हय, ह्या हिरीवर पूर्वी मोट हुती, ह्यो ऊस कुनाचा गं. मोडनिंबच्या वळणाला तिनं बोट दाखवलं. "हितंच." मी विचारलं, थांबू का? "कशाला? चल की!"

मावशी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली होती. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडणं झालं, आणि मावशीचा पहिला प्रश्न, "ओकलीस का?"

"न्हाय."

"एकदाबी?"

आईनं पिवळी पिशवी पुढं केली. मावशीनं ती हातात घेऊन आत डोकावून, बोट फिरवून खात्री केली. मग बसल्या जागेवरूनच आल्यागेल्याला ती पिशवी दाखवत सुटली. आमची आक्का कोरी आली, कोरी!

दुपारी पंगती उठल्या आणि परतीची बांधाबांध सुरू झाली. दाजी आमच्याशी बोलत नव्हतेच. पण तिथं एक पेच पडला. मावशीच्या जावयाला मोडनिंबपर्यंत यायचं होतं, दाजींच्या गाडीतून. म्हणजे जावई दोन आणि पुढची सीट एक. घरच्या लग्नात घरच्या जावयाचा मान पहिला, हे दाजींना सांगावं लागलं नाही. मधल्या सीटवर बसायचं मात्र त्यांच्यानं होईना. ते सरळ आमच्या गाडीशी आले. आई आधीच बसली होती, पाय आत घेऊन.

"मामी, तुमी आमच्या गाडीत बसा. मी नंदाबरोबर येतो. आता सोसतंय की तुमाला." सगळा मांडव बघत होता. आईचा हात दाराकडं गेला. झालं, म्हटलं, संपलं सगळं.

आईनं दार ओढून लावून घेतलं. "न्हाय दाजी. तुमी तिकडनंच या. मागं जागा हाय." आणि खिडकीतून ती कोरी पिशवी त्यांच्या हातात दिली. "लागली तर असू द्या."

काय हशा पिकला! मावशी खुर्चीतून पडायची राहिली. मी तर गाव संपेपर्यंत हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईसुद्धा पदराआड हसत होती, आपण हे बोललो कसं म्हणून. एवढी वर्षं पोटात साठलेलं एका दुपारी फिटलं, असं मला वाटलं.

मोडनिंबच्या अलीकडे दाजींची गाडी आम्हाला मागं टाकून पुढं गेली. मागच्या काचेतून बाकडी दिसत होती. डबे, पिशव्या, दोन-तीन बायका, आणि टोकाला, दाराला लागून ताई. तोंड आमच्याकडं, चेहरा पांढरा. तिच्या हातात ती पिवळी पिशवी होती. दाजींनी न बघताच मागं टाकली असणार. ताईनं पिशवीत तोंड घातलं. वर काढलं तेव्हा तिला आम्ही दिसलो, आणि ती ओशाळून हसली. वर हात पण केला.

आईनं बघितलं. मीही बघितलं. ताईला लिंबू द्यावं, थांबवावं, माझ्या जागी बसवावं, काही काही सुचलं नाही. आई हळूच म्हणाली, "म्होरं काड गाडी. बगवत न्हाय." मी हॉर्न वाजवला आणि आम्ही दोघी त्यांच्या पुढं निघून गेलो.

तेव्हापासून आई माझ्या गाडीतून दवाखान्यात येते, बाजारात येते, हुरडा खायला येते. मावशीला चार वेळा भेटून आली. ताईचं त्या दिवशीचं आम्ही दोघी बोलत नाही. मागं बसणाऱ्या बायकांवरून मी खूप बोलले, दाजींवर बोलले, आईवर बोलले, आणि घरातली जी अजून मागं होती तिच्या हातात आमची थट्टा जाऊन पडली. एवढा टेंभा मिरवणारी मी, मीसुद्धा शेवटी ओव्हरटेकच केलं.

आज दाजींचा फोन मी आपटला तेव्हा आई कैऱ्या चिरत होती. वर न बघता म्हणाली, "ह्या खेपेला मी न्हाय तुज्या गाडीत. थोरलीला बसव."

"आणि तू?"

"मी यष्टीनं ईन. कंडक्टरला सांगीन, बाबा, मला म्होरचं दिसाया पायजे, पयल्या सीटवर बसीव म्हनून."

मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "नको गं, मला लागते." मी म्हटलं, नाही लागत, तुला कुणी पुढं बसूच दिलं नाही. ती म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." माझा पारा चढला. विचार, म्हटलं, श्वास घ्यायचा का तेही विचार, आणि तोही फोन ठेवला. आईनं पुढची कैरी दाणकन चिरली. माझं हे असंच.

पाऊण तासानं ताईचा उलटा फोन. आवाज अगदी बारीक. दाजी जेवून दुकानात गेले होते.

"नंदा, तुझी गाडी दुपारची खालीच असती ना?"

"असते."

"मी रिक्षानं आले, आणि नुसतं बसून बघितलं, तर चालंल का गं?"

जिभेवर काहीतरी तिखट आलं होतं, सवयीनं. गिळलं.

"किल्ली दारामागं खिळ्याला आहे," मी म्हटलं. "चादर तेवढी बाजूला काढ."